तळ्याच्या काठची हिरवी पट्टी

लेकरांनो, आज एका अशा जिवाची गोष्ट सांगतो ज्याला जगायला जेमतेम एक दिवस मिळतो.

आपल्या सुलीभंजनच्या डोंगरावर परीतळं आहे ना, तसल्या एखाद्या तळ्याच्या काठाशी एक म्हैस आली असं समजा. पाणी प्यायली, काठावर शेण टाकलं आणि निघून गेली. त्या म्हशीच्या यकृतात काही कृमी घर करून राहिलेत. पानाच्या आकाराचे, चपटे, पाच-सात सेंटिमीटर लांब. त्यांना पर्णकृमी म्हणतात. त्यांची अंडी पित्ताबरोबर आतड्यात उतरतात आणि शेणावाटे बाहेर पडतात. शेण पाण्यात विरघळलं की अंडी तळाशी बसतात. ऊबदार पाण्यात दोन-तीन आठवडे गेले आणि ऊन पडलं की अंड्याचं एका टोकाचं झाकण उघडतं आणि आतून एक इवलीशी अळी सुटते. मिलिमीटरचा फार तर सातवा-आठवा हिस्सा. अंगभर बारीक केस, ते हलवत ती पोहत सुटते.

तिला तोंड नसतं. जन्मताना अंगात जी शिदोरी असते तेवढीच. ती संपायच्या आत, म्हणजे एका दिवसात, तिला एक गोगलगाय गाठायची असते. नाही गाठली तर खेळ संपला.

“आबा, मग कुठलीही गोगलगाय चालत असेल ना?”

नाही गं पोरी. खरी गंमत तिथंच आहे. 2022च्या पावसाळ्यात लातूर-बीड-धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती. त्या गोगलगायी जमिनीवरच्या, या अळीला त्यांचा काही उपयोग नाही. तिला पाण्यातली गोगलगाय लागते आणि तीही ठरावीक जातीची. आपल्याकडं ती म्हणजे लिम्निया. पातळ तपकिरी शंख, वर टोक, खाली रुंद तोंड. पाण्यात राहते पण श्वास हवेतलाच घेते, म्हणून सारखी वर येते. खोल पाण्यापेक्षा उथळ काठ, संथ पाणी आणि भरपूर पाणवनस्पती तिला मानवतात. अळी पाण्यात पसरलेल्या रसायनांच्या मागावर जाऊन तिला हुडकते आणि तिच्या मऊ अंगात घुसते.

आणि मग आत चमत्कार होतो. एकाच्या पोटी अनेक, त्या अनेकांच्या पोटी आणखी अनेक. नर नको, मादी नको. महिना-दोन महिन्यांत त्या एका अळीच्या जागी शेकडो शेपटीवाल्या अळ्या तयार होतात आणि गोगलगायीतून बाहेर पडून पुन्हा पाण्यात येतात. काठच्या गवताच्या पात्यावर चढतात, शेपटी टाकून देतात आणि स्वतःभोवती टणक कवच करून बसून राहतात. ओल असेल तोवर त्या तिथं आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही तग धरतात. वाट कुणाची? त्या गवताला तोंड लावणाऱ्या गाई-म्हशीची, शेळी-मेंढीची. घासाबरोबर पोटात गेल्या की आतड्याची भिंत फोडतात, यकृत पोखरतात, पित्तनलिकेत मुक्काम ठोकतात आणि साधारण तीन महिन्यांनी अंडी घालू लागतात. जनावर खंगतं, दूध कमी होतं. आजार वाढला की जबड्याखाली पाणी साचून सूज लोंबते. ती सूज पाहिली की जाणता गुराखी हळहळतो, कारण तोवर यकृताचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

हे कोडं माणसाला फार उशिरा उलगडलं. इंग्लंडमध्ये 1879-80च्या ओल्या हंगामात लाखो मेंढ्या या रोगानं मेल्या. तेव्हा ऑक्सफर्डमध्ये थॉमस या तरुण संशोधकानं आणि जर्मनीत लॉयकार्ट या प्राध्यापकांनी वेगवेगळं काम करून 1880नंतरच्या दोन-तीन वर्षांत हा सगळा प्रवास जुळवून दाखवला. पर्णकृमीची गाठ गोगलगायीशी आहे हे तेव्हा पक्कं झालं. मेंढपाळांना मात्र पाणथळ कुरणात मेंढ्या बिघडतात हे आधीपासून ठाऊक होतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण या गोष्टीत गुराख्याचं काम पुढं पुन्हा येणार आहे.

आपल्या तळ्यांत आणखी एक गोगलगाय असते, इंडोप्लॅनॉर्बिस. शंख चपटा, गुंडाळी एकाच पातळीत. तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून तिचं रक्त लाल. तळं आटलं की ती चिखलात गाडून घेते आणि पाऊस आला की पुन्हा बाहेर. गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमींना ती आसरा देते. त्यातला एक कृमी गुरांच्या नाकातल्या शिरांत राहतो. नाकात गाठी येतात आणि जनावर जागेपणीही घोरल्यासारखा आवाज करत श्वास घेतं. या कृमींच्या अळ्यांना गवतावर चढायची गरज नसते, त्या थेट कातडीतून शिरतात. माणसाच्या कातडीतही त्या शिरू पाहतात. बहुतेक तिथंच मरतात, पण पायाला अशी खाज सुटते की विचारू नका.

“आणि माणसाला खरा रोग होतो का आबा?”

होतो. जगात फार मोठ्या प्रमाणावर होतो. त्याला शिस्टोसोमियासिस म्हणतात. थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरला 1851 साली कैरोमध्ये या रोगाचा कृमी सापडला, म्हणून बिलहार्झिया हे त्याचं जुनं नाव. इजिप्तच्या ममींच्या मूत्रपिंडातही त्याची अंडी मिळालीत. म्हणजे पिरॅमिडच्या देशातल्या माणसांना हा रोग हजारो वर्षांपासून छळत आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 2021 साली जगात 25 कोटींहून जास्त लोकांना या रोगावरच्या प्रतिबंधक उपचाराची गरज होती.

भारतात हा रोग नाही असंच डॉक्टर मानत होते. मग 1952 साली गाडगीळ आणि शहा या दोन डॉक्टरांनी आपल्याच कोकणातलं एक गाव जगापुढं आणलं. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातलं गिमवी. तिथल्या लोकांच्या लघवीतून रक्त जात होतं आणि तपासणीत या कृमीची अंडी निघाली. पुढचा प्रश्न होता, गोगलगाय कोणती? आफ्रिकेत हा कृमी ज्या गोगलगायीत वाढतो ती इथं नव्हती. शोध घेताना बोट ठेवलं गेलं ते फेरिसिया नावाच्या गोगलगायीवर. काही मिलिमीटरची, टोपीच्या आकाराची, पाण्यातल्या पाना-दगडांना चिकटलेली. पाहणाऱ्याला ती गोगलगाय वाटणारच नाही. मला गिमवीच्या या शोधाचं फार मोल वाटतं. लघवीतल्या रक्तापासून निघून डोहातल्या एका पानाला चिकटलेल्या ठिपक्यापर्यंत पोचायचं, याला चिकाटी लागते.

आता कळीचा प्रश्न. रोग हटवायचा तर औषध द्यावं लागतं, पण औषध घेतलेलं जनावर किंवा माणूस पुन्हा त्याच पाण्यात उतरलं की पुन्हा तेच. म्हणून गोगलगाय कुठं आहे ते कळायला हवं. आणि आपल्या एका तालुक्यात पाणी किती ठिकाणी अडलंय ते बघा. येसगावचा गिरिजा प्रकल्प, गावतळी, पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारे, नाल्यातले डोह, कालव्याच्या गळतीची डबकी. जाळी घेऊन कोण कुठं कुठं फिरणार? बरं, आज जिथं ओंजळभर गोगलगायी मिळाल्या तिथं महिन्यानं एकही मिळत नाही आणि शेजारच्या वळणावर ढीग असतो.

म्हणून माणसानं आभाळातून बघायचं ठरवलं.

सेंटिनेल-2 नावाचे युरोपचे उपग्रह 786 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. त्यातला पहिला 2015 साली गेला. दोघं मिळून दर पाच दिवसांनी आपल्या खुलताबादवरून जातात आणि जमिनीचं चित्र घेतात. त्या चित्रातला सगळ्यात लहान चौकोन दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. म्हणजे गुरांचा एक बऱ्यापैकी गोठा त्यात मावेल. अमेरिकेचा लँडसॅट तर 1972पासून आहे. आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-1ए हा 17 मार्च 1988 रोजी गेला.

“पण आबा, दहा मीटरच्या चौकोनात नखाएवढी गोगलगाय कशी दिसेल?”

नाहीच दिसत! शाबास, हाच प्रश्न विचारायचा. उपग्रहाला गोगलगाय दिसत नाही, तिचं घर दिसतं.

कसं ते नीट ऐका. सूर्याच्या उजेडात आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांपलीकडं अवरक्त किरण असतात. हिरवं पान लाल उजेड शोषून घेतं, कारण त्यावर त्याचा स्वयंपाक चालतो. पण तांबड्या रंगाच्या लगतचे अवरक्त किरण ते मोठ्या प्रमाणात परत फेकतं. पाण्याचं उलटं. पाणी तेच किरण गिळून टाकतं, म्हणून त्या चित्रात स्वच्छ तळं काळंभोर दिसतं. ओली माती कोरड्या मातीपेक्षा गडद दिसते. आता प्रत्येक चौकोनासाठी अवरक्त उजेडातून लाल उजेड वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. उणे एक ते अधिक एक यांच्यामधला एक आकडा मिळतो. आकडा एककडं झुकला तर दाट हिरवळ, शून्याखाली गेला तर पाणी. असाच आणखी एक हिशेब खास पाण्यासाठी असतो. दोन्ही हिशेब शेजारी ठेवले की काळ्या पाण्याच्या कडेची ओली, उथळ, हिरवी पट्टी वेगळी निघते. लिम्नियाला हवी ती जागा हीच.

ही कल्पना नवी नाही. 1984 साली फिलिपाइन्समध्ये शिस्टोसोमियासिसची ठिकाणं ओळखायला लँडसॅटचा वापर झाला होता. अमेरिकेत लुइझियानामध्ये जॉन मॅलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली लँडसॅटची चित्रं आणि मातीचे नकाशे एकत्र करून रेड नदीच्या खोऱ्यात कोणत्या शेतावरच्या गुरांना पर्णकृमीचा धोका जास्त आहे ते मांडलं. आपल्या म्हशीचा प्रश्न आणि त्यांच्या गाईचा प्रश्न एकच होता.

पण मला सगळ्यात आवडते ती पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलची गोष्ट, ती जरा सावकाश सांगतो.

सेनेगल नदीच्या मुखाजवळ 1986 साली डायमा धरण पूर्ण झालं. समुद्राचं खारं पाणी आत येऊ नये आणि शेतीला गोडं पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. हेतू चांगला, ऊस आणि भात पिकू लागला. पण खारं पाणी थांबलं तसं नदीच्या कडेनं पाणवनस्पतींचं रान माजलं आणि गोगलगायींना मोकळं रान मिळालं. त्यातच आणखी एक घडलं. नदीतली मोठी कोळंबी गोगलगायी खायची. ती अंडी घालायला मुखाकडच्या निमखाऱ्या पाण्यात जायची आणि तिची पिल्लं पुन्हा वर यायची. धरणानं तिची वाट अडली. दोनच वर्षांत, 1988च्या सुमारास, धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या रिशार तोल गावात आतड्याचा शिस्टोसोमियासिस दिसू लागला आणि बघता बघता फार मोठा पसरला.

तिथं चेल्सी वूड, सुझान सोकोलोव, जुलिओ दे लिओ अशा संशोधकांनी काम केलं. आधी त्यांनी पाण्यात उतरून गोगलगायी मोजल्या. मोजणीवरून कोणत्या गावात रोग जास्त असेल हे नीट सांगता येईना, कारण गोगलगायी आज इथं तर उद्या तिथं. मग त्यांनी ड्रोन आणि उपग्रहाची चित्रं घेतली आणि गावच्या पाणवठ्यावर मुळं न धरता तरंगणारी, झुपकेदार पाणवनस्पती किती जागेत पसरली आहे ते मोजलं. या मापावरून रोगाचा अंदाज गोगलगायींच्या मोजणीपेक्षा चांगला आला. 2019 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. किती सुंदर गोष्ट आहे बघा! प्राणी मोजून जे कळलं नाही ते त्याचं घर मोजून कळलं.

त्याच भागातल्या 2023च्या अभ्यासात पुढचं पाऊल पडलं. काही गावांच्या पाणवठ्यावरून ती वनस्पती उपसून काढली. तिथल्या मुलांना रोगाची पुन्हा लागण होण्याचं प्रमाण कमी झालं. उपसलेल्या वनस्पतीचं खत केलं तर मिरची-कांद्याचं पीक वाढलं आणि ती जनावरांना चारा म्हणूनही चालली. शेताला घातलेलं खत वाहून पाण्यात गेलं होतं आणि त्यावरच ही वनस्पती माजली होती, ते असं पुन्हा शेतात आलं.

आता आपल्याकडं या. आपल्या मराठवाड्याचं पाणी सेनेगलसारखं वर्षभर एका पातळीवर राहत नाही. पावसाळ्यात तलाव भरतो आणि दिवाळीपासून उतरू लागतो. पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर माणसं गाळपेर करतात आणि जिथं पेरत नाहीत तिथं कोवळं गवत उगवतं. पैठणच्या नाथसागराभोवती तर जायकवाडी धरण झाल्यापासून दरवर्षी हेच चालतं. 1976पासूनचं ते धरण पसरट आणि उथळ, पाणी थोडं उतरलं तरी फार जमीन उघडी पडते.

फाल्गुन-चैत्रात डोंगर पिवळे पडतात, नाले कोरडे होतात आणि सगळ्या गावाची गुरं त्या एकाच हिरव्या पट्टीवर येतात. तिथंच पाणी पितात, तिथंच शेण टाकतात, तिथंच चरतात. आणि कवच करून बसलेल्या अळ्याही तिथंच असतात, कारण तळ्याकाठी ओल उरलेली जागा तेवढीच असते. चाऱ्याची ओढ जितकी जास्त तितकी ही गाठ पक्की. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्याला भरलेल्या तळ्याच्या नकाशापेक्षा उतरत्या तळ्याचा नकाशा जास्त हवा. दर पाच दिवसांनी येणारा उपग्रह ते देऊ शकतो. कार्तिकात पट्टी कुठं होती, माघात कुठं सरकली, वैशाखात कोणत्या कोपऱ्यात उरली.

“आणि पावसाळ्यात ढग असले तर?”

तर ही चित्रं आंधळी होतात. आषाढ-श्रावणात खुलताबाद आणि म्हैसमाळ कितीदा ढगात बुडालेलं असतं ते तुम्ही पाहता. त्यासाठी रडारचे उपग्रह असतात. ते स्वतःच लहरी सोडतात आणि परत येणाऱ्या लहरी टिपतात. ढग आणि रात्र त्यांना आडवी येत नाही. शांत पाण्यावर पडलेली लहर दुसरीकडं निसटते, म्हणून पाणी काळं दिसतं. आपण 2012 साली रिसॅट-1 सोडला. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासा या दोघांचा निसार गेला. त्याच्या लांब लहरी झाडोऱ्यातून आत शिरतात, त्यामुळं गवत आणि वेलींखाली दडलेलं पाणीही ओळखता येतं. पाणथळ जागांसाठी ही फार मोठी सोय आहे.

तरी उपग्रहाच्या मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. म्हशींनी लोळून केलेलं डबकं, हापशाच्या सांडपाण्याचा चिखल, बैलाच्या खुराच्या खळग्यात साचलेलं पाणी, यातलं काही त्या दहा मीटरच्या चौकोनात उमटत नाही. गोगलगायीला मात्र तेवढं पुरतं. गिमवीचा डोह अशा चित्रात शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. आणि हिरवी पट्टी दिसली म्हणजे गोगलगाय असेलच असं नाही, आणि गोगलगाय असली तरी तिच्या पोटात अळी असेलच असं नाही. ते बघायला माणसानं काठावर जावं लागतं, गोगलगाय भांड्यात ठेवून अळ्या सुटतात का ते सूक्ष्मदर्शकातून पाहावं लागतं. त्या काठावरचा खरा जाणकार आपला गुराखी. कोणत्या कोपऱ्यात चरलेली गुरं हटकून बसतात हे तो बोट दाखवून सांगेल. उपग्रहाचा नकाशा आणि त्याचं बोट एकाच जागी पडलं की समजावं, जागा सापडली.

आपल्या देशात याची सुरुवात झालेली आहे. बंगळूरला भारतीय कृषी संशोधन परिषदेची निवेदी नावाची संस्था गुरांच्या रोगांचा अंदाज दर महिन्याला, दोन महिने आधी, जिल्हावार देते. त्यात पर्णकृमीचा रोगही असतो. पाऊस आणि तापमान यांच्याबरोबर उपग्रहानं मोजलेली हिरवळही त्या हिशेबात धरतात. पण जिल्हा फार मोठा असतो रे. वैजापूरचा गोदाकाठ आणि आपला डोंगर एकाच जिल्ह्यात येतात. जिल्ह्याच्या अंदाजावरून परीतळ्याच्या काठी उभ्या असलेल्या म्हशीला काय कळणार? हा अंदाज तळ्यापर्यंत उतरवायचं काम तुमच्या पिढीचं. शाळेतल्या संगणकावर ही चित्रं फुकट उघडतात. आपल्या गावच्या तळ्याची वर्षभराची चित्रं एकापुढं एक लावून बघा आणि काठावर जाऊन वहीत लिहा, कुठं कोणती गोगलगाय दिसली. बघताना पाण्यात उघड्या पायांनी उतरू नका, आणि शिंगाडा मिळाला तर दातांनी सोलून कच्चा खाऊ नका. पाणवनस्पतीवर चिकटून येणारे असे कृमी माणसालाही होतात.

आणि मोठ्यांना माझं एवढं सांगा. उन्हाळ्यात गुरं उतरत्या तळ्याच्या चिखलात सोडू नका, पाणी हौदात आणून पाजा. काठचं गवत कापलंच तर कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि मगच गव्हाणीत टाका. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा शेण पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, आणि डॉक्टर सांगतील तेच औषध, सांगतील त्या मापानं, गावातल्या सगळ्या जनावरांना एकाच वेळी पाजा.